गणंग

मार्चचा दुसरा आठवडा. ऑर्फर्डच्या अलीकडे
प्लास्टिकच्या पॉलिहाऊसमध्ये मी, मॉरीन थर्केटल,
आणि एक हीटर, जो फक्त आवाज करतो.

एकतीस वर्षं इप्सविचच्या इस्पितळात
मी काचेखाली रक्ताच्या पेशी मोजल्या.
आता बिया मोजतो.
बोटांना अजून फरक कळलेला नाही.
श्वासाला कळलाय : जोरात सोडला
की अख्खी मोजणी उडून जाते.

थ्रिफ्टचं बी सोपं. नावातच काटकसर,
चिमूटभर वाळूत त्याचं भागतं.
शिंगवाल्या पिवळ्या पॉपीला महिनाभर थंडी लागते,
तिच्या पुड्या आमच्या घरच्या फ्रिजमध्ये,
इडलीच्या पिठामागे,
वर वैजूच्या अक्षरात : खायचं नाही.

आणि हा समुद्री वाटाणा.
काळसर, गोल, मसुराहून थोराड.
पहिल्या वर्षी मी त्याला आपल्या पद्धतीनं
रात्रभर भिजवला, पंचाच्या तुकड्यात बांधला.
सकाळी गाठ सोडली. एकालाही मोड नाही.
दुसऱ्या दिवशी नाही.
आठव्या दिवशी बुरशी.
वैजू डोकावून म्हणाली,
"सगळे गणंग."

किती वर्षांनी ऐकला तो शब्द.
शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी न शिजता
उसळीत दाताखाली येतो, तो.
सांगोल्याच्या शाळेत, जिथून समुद्र
फक्त नकाशात निळा होता,
नववीत दोनदा बसलेल्या मुलाला
खातू मास्तर त्याच नावानं हाक मारत,
हजेरीतसुद्धा.
आणि मी "हजर" म्हणत असे.

मॉरीनला समजावू पाहिलं.
माझ्या इंग्रजीत गणंग नव्हता.
म्हटलं, जो शिजतच नाही, तो.
ती खोक्यात सँडपेपर शोधत होती.
वर न बघता म्हणाली,
"चार-पाच वर्षं खाऱ्या पाण्यात तरंगायचं त्याला.
वाटेत शिजला तर किनाऱ्याला लागेल काय?"

मग एकेक बी चिमटीत धरून घासायचं.
शेंगेला चिकटलेली बाजू सोडून, पाठीवर,
आतला फिका रंग जेमतेम दिसेपर्यंत.
गोटे हेच करतात, ती सांगते,
त्यांना फक्त घाई नसते.
दुपारपर्यंत बियांचं थोडं कातडं गेलं,
माझ्या अंगठ्याचं जास्त.

चाळीसातले एकोणीस आले.
पहिला वाकडा, हिरवा, मान खाली घालून,
जणू उशिरा वर्गात शिरतोय.
उरलेले एकवीस मी ओतून टाकणार होतो.
तिनं ट्रे बाकाखाली सरकवला,
पट्टीवर फक्त साल लिहिलं.

मे महिन्यात रोपं गोट्यांच्या किनाऱ्यावर लावली.
गावच्या शाळेतली पोरं आली होती.
एकानं सांगितलं, फार जुन्या एका दुष्काळात
इथली माणसं हेच वाटाणे खाऊन जगली, आजी सांगते.
"कसे लागायचे?" मी विचारलं.
"कडू," तो म्हणाला, स्वतः खाल्ल्यासारखा.

नोव्हेंबरच्या उधाणानं
खुंट्या, दोरी, "इथे पाऊल टाकू नका"ची पाटी,
सगळं नेलं. रोपं पण,
तीन सोडून. ती तीन गोट्यांखाली गाडली गेली होती,
म्हणून आम्ही तीही गेली असंच लिहिलं.
मॉरीन दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी बाकाखालचा ट्रे काढला,
त्यावर पाणी शिंपडलं, परत सरकवला.

परवा मटकीच्या उसळीत
एक आला दाताखाली.
ताटाच्या कडेला काढून ठेवला.
ताट उचलताना वैजूनं पाहिलं,
काही बोलली नाही.
रात्री पाणी प्यायला उठलो,
तर तो धुऊन, पुसून
खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला होता,
वाटीखाली झाकून.